एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) करताना खेळ-मानसशास्त्रही शिकावं का?

गंगापूररोडकर: ‘फिजिओने गुडघा बघावा, डोकं मानसशास्त्रवाल्यांवर सोडावं’ ही इथली कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या, ऑपरेशननंतर पाय टेबलावर व्यवस्थित चालतो आणि मैदानात वळायची वेळ आली की खेळाडू आखडतो. ही भीती मोजायला एसीएल-आरएसआय ही 12 प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती विचारणार कोण? आठवड्यातून तीनदा त्याच्यासोबत तासभर असतो तो फिजिओच. दोन्ही विषय एकत्रच शिकवायला हवेत.

म्हसरूळ_नाका: एकत्र म्हणजे कसं? एमपीटी 2 वर्षं पूर्णवेळ, ओपीडीसकट. एमए मानसशास्त्र आणखी 2 वर्षं. यूजीसीने 2022 मध्ये दोन पदव्या सोबत करायला परवानगी दिली, पण तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. ओपीडी सोडून तासाला बसणार कसे? अमेरिकेतही मानसिक कामगिरीच्या सल्लागाराचं प्रमाणपत्र हवं तर देखरेखीखाली 400 तास भरावे लागतात. वीकेंड कोर्सने ते भागत नाही. आणि खरी अडचण पुढेच आहे. खेळाडू तुम्हाला ‘भीती वाटते’ असं सांगेल आणि उद्या त्याच्या फिटनेसवर सही तुम्हीच करणार. हे कळल्यावर तो खरं बोलेल?

कबड्डी_पंचवटी: पदव्यांचं तुम्ही बघा. आमच्या मुलांना क्लिनिकमधून ‘90 टक्के’ लिहून पाठवतात आणि दोन चढायांत गुडघा पुन्हा जातो. त्या 90 चा अर्थ आधी सांगा!

गंगापूररोडकर: एका पायावर उडी, त्याच पायावर उतरून दोन सेकंद स्थिर. सरावाच्या उड्या झाल्या की तीन मोजायच्या. दुखऱ्या पायाचं अंतर भागिले चांगल्या पायाचं, गुणिले 100.

म्हसरूळ_नाका: आणि गोम तिथेच आहे! कित्येक महिने न खेळल्याने चांगला पायही कमजोर होतो. ऑपरेशनआधी तो 150 सेंमी उडत होता, आता 120. दुखरा 110. आजच्या हिशोबाने 92 टक्के, मूळ आकड्याने 73. शिवाय गुडघ्याचं काम खुबा आणि घोटा उचलतात, म्हणून उडी बरी दिसते. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद वेगळी मोजली नाही तर तो कागद फाडून टाका.

कबड्डी_पंचवटी: क्लिनिकवाले ऑपरेशननंतर नऊ महिने थांबा म्हणतात, निवड चाचणी थांबते का? मैदानावर उभं राहून बोला एकदा!

म्हसरूळ_नाका: आवाज चढवून कलम, म्हणजे ऑपरेशनमध्ये बसवलेला नवा अस्थिबंध, मजबूत होत नाही. लवकर उतरवलात तर पुन्हा फाटण्याचा धोका तुमच्याच मुलाच्या माथी. चांगल्या पायाचं माप ऑपरेशनआधीच घेऊन ठेवा, त्याला फक्त मोजपट्टी लागते.

कबड्डी_पंचवटी: मापाचं पटलं. पुढच्या पोराचं घेतो. पण निवडीच्या तारखांचं उत्तर कुणीच दिलेलं नाही.

गंगापूररोडकर: सहीचा मुद्दा मलाही मानावा लागेल. भीती ऐकणारा आणि मैदानात सोडणारा माणूस वेगळा हवा. दोन पूर्ण पदव्यांचा हट्टही सोडतो. पण एमपीटीच्या स्पोर्ट्‌स शाखेत प्रश्नावली कशी विचारायची, गुण कमी आले, म्हणजे भीती जास्त निघाली, तर कुणाकडे पाठवायचं, हे परीक्षेला असलंच पाहिजे. ऑपरेशनआधी एकदा, सहाव्या महिन्यात एकदा आणि उडीच्या चाचणीआधी पुन्हा. यातलं काय सोडणार, सांगा.

म्हसरूळ_नाका: काहीच नाही. पण कमी गुण आले की पाठवायचं, स्वतः समुपदेशन करत बसायचं नाही.