मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांना चुंबक कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये प्राथमिकच्या मुलांना शिकवते. पुढच्या आठवड्यात चुंबकाचा पाठ घ्यायचाय. काय चिकटतं, काय नाही, हा भाग सोपा आहे. गोदाकाठची वाळू आणली की त्यातले काळे कण चुंबकाला लटकतात. आपला दगडच बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. मुलं यावर जाम खूश होतात!

गाडी अडते ती स्टीलवर. "बाई, स्टील म्हणजे लोखंडच ना? मग डब्याचं झाकण चिकटतं आणि वाटी का नाही?" वाटीच्या स्टीलमध्ये निकेल मिसळल्यामुळे आतली रचना बदलते, हे मला ठाऊक आहे, पण नऊ वर्षांच्या पोराला कसं सांगायचं? नाण्यांचंही तेच. रुपयाचं स्टीलचं नाणं टपकन चिकटतं, पाचचं पिवळं नाणं ढिम्म हलत नाही.

दुसरं म्हणजे, चुंबकाभोवतीच्या रेषा दाखवायला लोहकीस हवा. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधला चुरा वापरावा का? तो तेलकट असतो आणि बोटाला टोचतो, म्हणून हात आखडतेय. कुणी बंद बाटलीत खाद्यतेल घालून हा प्रयोग केलाय का? कीस किती बारीक लागतो?

स्पीकरमधले जुने गोल चुंबक मेन रोड किंवा भद्रकालीच्या बाजूला सुटे मिळतात का, तेही सांगा. ते छोटे चकचकीत, फार ताकदीचे निओडिमियमचे (एका धातूचे) नकोत. दोन गिळले तर आतडं चिमटीत सापडतं, आणि माझ्या वर्गात सगळं आधी तोंडात जातं.