रॅम ४ जीबीची, प्रोग्राम दाखवतो ३.४ जीबी: कोणता आकडा धरावा?

प्रश्न (वणी तालुक्यातून)

आमच्या भागातील जिनिंगांसाठी मी सी-शार्पमध्ये कापसाच्या काटापट्टीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. दिवाळीनंतर आवक वाढली की ‘कॉम्प्युटर अडकते’ असे फोन सुरू होतात आणि केवळ यंत्र पाहण्यासाठी ४०-५० किलोमीटर मोटारसायकलने जावे लागते. म्हणून संगणकाची माहिती प्रोग्राममध्येच दिसावी अशी सोय केली. त्यासाठी विंडोजचे ‘ग्लोबलमेमरीस्टेटसएक्स’ हे फंक्शन वापरले. एका जिनिंगमध्ये ४ जीबी रॅम असताना त्याने ३.४ जीबी दाखवली, आणि दुकानदाराने फसवले असा मालकांचा समज झाला. माझे काही चुकते आहे काय?

उत्तर १

भाऊ, आपला कोड बरोबर आहे आणि दुकानदारही निर्दोष दिसतो. हे फंक्शन विंडोजला वापरता येणारी मेमरी सांगते, बसवलेली नव्हे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात पडद्यासाठी रॅममधलाच काही भाग राखून ठेवला जातो, आणि विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पत्त्यांपैकी काही पत्ते इतर उपकरणांकडेही जातात. बसवलेली रॅम हवी असल्यास ‘गेटफिजिकलीइन्स्टॉल्डसिस्टममेमरी’ वापरावे. ते उत्तर किलोबाइटमध्ये देते, त्यामुळे ४ जीबीला ४१,९४,३०४ हा आकडा येईल. पहिले फंक्शन मात्र बाइटमध्ये मोजते, हे विसरलात तर मालक पुन्हा दुकानदाराकडे धावतील.

उत्तर २

वरील उत्तर बरोबर असले तरी संगणक का अडकतो हे या दोन्ही आकड्यांवरून कळणार नाही. त्यासाठी तक्रारीच्या क्षणी मोकळी असलेली रॅम पाहावी; आपण वापरत असलेल्या फंक्शनच्याच रचनेत ती ‘यूएलएलअव्हेलफिज’ या नावाने मिळते. त्याशिवाय डब्ल्यूएमआय (संगणकाची माहिती विचारण्याची विंडोजमधील सोय) मधील ‘विन३२_फिजिकलमेमरी’ रॅमच्या प्रत्येक पट्टीची वेगळी नोंद देते आणि ‘विन३२_फिजिकलमेमरीअ‍ॅरे’ रॅम बसवायचे एकूण स्लॉट सांगते. दुसरी पट्टी सोबत न्यायची की नाही, हे त्यामुळे घरूनच ठरवता येते. ही माहिती मदरबोर्डच्या फर्मवेअरमधून (त्यात कायम साठवलेल्या प्रोग्राममधून) येते आणि जुन्या, जुळवलेल्या यंत्रांत ती कधी अपुरी किंवा चुकीची असते, तेव्हा शंका आल्यास कॅबिनेट उघडूनच खात्री करावी. डब्ल्यूएमआयची चौकशी मुख्य थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामची खिडकी चालवणाऱ्या धाग्यावर, करू नये. उत्तर येईपर्यंत खिडकी गोठते, आणि काट्यावर गाडी उभी असताना हे कोणी सहन करत नाही.

प्रश्नकर्ता

आपल्या दोघांचेही आभार. विंडोज ६४-बिट निघाले, म्हणजे कमी दिसणारी रॅम पडद्याकडे गेली होती. स्लॉट दोन असून एक रिकामा आहे आणि काटापट्टी छापताना मोकळी रॅम जेमतेम २०० एमबी उरते, तेव्हा रॅमची पट्टी घेऊनच जाईन. आता ‘बसवलेली’, ‘वापरता येणारी’ आणि ‘सध्या मोकळी’ असे तिन्ही आकडे नावांसह दाखवतो.