गाणं ऐकायची तुमची खुर्ची कोणती?

काल माळा आवरताना अप्पांची आरामखुर्ची निघाली. त्यांच्या लग्नातली, १९५४ सालची. कापड विरलंय, सागवानी सांगाडा ठणठणीत. दुपारी जेवण झालं की अप्पा तिच्यात पाय पसरून विविध भारती लावायचे. उजव्या हातावर चुन्याचं बोट पुसायचे, तो पांढरा डाग अजून आहे. बघून गलबलून आलं. तिच्यातच बसून गाणं ऐकायचंय. कापड कुठलं घालू? आणि तुम्ही कशात बसून ऐकता, लिहा सगळे.

~

जाड कॅनव्हास, दुहेरी शिवून. साधं कापड लगेच झोळ धरतं, मग कंबर धरते. दांड्यांसाठी नेफा मोकळा ठेवा.

~

५४ची! म्हणजे विविध भारतीपेक्षा तीन वर्षांनी मोठी की ती.
डाग घासू नका हो ताई.

~

मी उंच पाठीची चामडी खुर्ची घेतली होती. दुकानात झकास वाटली, घरी गाणं कोंदट. पाठ कानांच्या वर जायची, आवाज तिच्यावर आपटून परत कानात. आता खांद्यापर्यंतच पाठ असलेली आहे. बसल्यावर कान ट्वीटरच्या (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा कर्णा) उंचीला यावेत म्हणून पायांखाली ठोकळे घातलेत. आणि खुर्ची भिंतीला टेकवू नका! दोन हात पुढे ओढली, तर डग्ग्याची घुमघुम गेली, बोल सुटे ऐकू यायला लागले.

~

झोपाळा. विलंबित चालू असलं की झोका आपोआप लयीत पडतो. द्रुत आलं की पाय टेकायचा.

~

कड्या कुरकुरत नाहीत?

~

खोबरेल. दर महिन्याला.

~

वेताची खुर्ची विणून देणारं कुणी आहे का कोथरूडकडे? बैठक फाटलीये.

~

आमची खुर्ची नव्हतीच. सवाई गंधर्व महोत्सवाला भारतीय बैठकीत रात्र रात्र बसलेली माणसं आम्ही, घरीही सतरंजी आणि लोड. गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदलले, मांडी बंद. पहिल्यांदा खुर्चीत बसून यमन लावला आणि रडू आलं. आता हातांची, जरा उंच बैठकीची खुर्ची घेतली, उठताना जोर देता येतो. तरी तानपुरा लागला की पाय दुमडायला बघतात.

~

काकू 🙏 माझ्या सासूबाईंचं अगदी हेच. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

~

दीड मीटर कॅनव्हास आणला. वरचा दांडा काही सापडत नाहीये, उद्या परत माळ्यावर चढते.