परतलेल्या जवानाच्या अस्वस्थतेला आजार म्हणावे का?

धागाकर्ती, खानापूर तालुका : माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले, त्याला बारा वर्षे होत आली. काश्मीरमधील कुपवाड्यातल्या नेमणुकीनंतर ते बदलले, असे काकू सांगतात. आजही ते दाराकडे तोंड करूनच जेवायला बसतात आणि शेजारच्या रानात उसाचे पाचट तडतडू लागले की ताटावरून उठून गोठ्यात जातात आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून आवाज थांबेपर्यंत उभे राहतात. घरातले त्याला 'मिलिटरीचा स्वभाव' म्हणतात. माझ्या मते हा आजार आहे, आणि तसे मान्य केल्याशिवाय उपचार सुरूच होत नाहीत. बेळगावात १९२२ पासून या रेजिमेंटचे केंद्र आहे. भरती झालेल्या पोराची मिरवणूक काढणारे आपले गाव परतलेल्या माणसाला झोप लागते का, एवढेही विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

निवृत्त हवालदार, चिकोडी : ताई, कळकळ पोहोचली, पण मी सहमत नाही. फौजेच्या 'शेप' या वैद्यकीय वर्गवारीतले पहिलेच अक्षर मनाच्या स्थितीचे असते. त्यात खालची कॅटेगरी लागली की बढती अडेल, या धास्तीने जवान गप्प राहतो. घरी आल्यावर आमच्यापैकी अनेकांना बँकेत बंदूकधारी रक्षकाची नोकरी मिळते. मनोविकाराचा कागद असलेल्या माणसाच्या हाती बंदूक कोण देईल? मला शेतीने सावरले.

परिचारिका, बेळगाव : हवालदार काका, आपली भीती खरी आहे, परंतु नाव न दिल्याने आजार टळत नाही. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक', म्हणजे लढाईचा मानसिक धक्का, बसलेल्या कित्येकांना भित्रे ठरवले गेले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत पीटीएसडी (भयंकर आघातानंतर जडणारा मानसिक ताणविकार) हे नाव यायला १९८० साल उजाडले. लक्षणे कधी कधी अनेक महिन्यांनी डोके वर काढतात, म्हणून घरच्यांना त्यांचा लढाईशी संबंध लागत नाही. कॅन्टीनच्या रमने डोळा लागतो, पण झोप मोडकी होते आणि चिडचिड वाढते. शेतीचा आधार मोठाच. मात्र लढाईच्या आठवणींना सामोरे जाण्यासाठी प्रशिक्षित माणूस सोबत लागतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे.

धागाकर्ती : आमची अडचण भाषेचीही आहे. एका दवाखान्यात डॉक्टर कन्नडमध्ये विचारत होते आणि काका हिंदीत 'सब ठीक है, साब' एवढेच म्हणत होते. रात्री दचकून उठतात, तेव्हा मात्र मराठीत ओरडतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, म्हणून आता तिथून सुरुवात करणार आहोत.

निवृत्त हवालदार, चिकोडी : कायद्याने डॉक्टर गप्प राहतील, गाव राहणार नाही, त्यामुळे कागदाबाबत माझे मत तेच आहे. फोन मात्र जरूर करा. काकांची हरकत नसेल तर रविवारी मी खानापूरला येतो. उपचाराचा विषय मी काढणार नाही, पण त्यांनी काढला तर मलाही काही वर्षे झोप नव्हती, हे त्यांना सांगेन.