तंबोऱ्याची तार तुटली, तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) चीर दिसतेय. मदत हवी आहे

आमच्या भजनी मंडळाचा चार तारांचा मिरजेचा तंबोरा आहे, भोपळ्याचा. परवा सुरात लावताना जोडाची (मधल्या दोन सारख्या तारांपैकी) एक पोलादी तार खुंटीजवळ कट्टकन तुटली आणि सपकन तबलीवर आदळली. सकाळी पाहिलं तर घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) खालच्या बाजूला लाकडाच्या रेषेत बोटभर बारीक चीर. आधी होती का, कोणालाच आठवत नाही. मला तर तेव्हापासून चैन नाही.

तार जुनी, गंजलेली होती. पट्टी (सुराची उंची) नेहमीचीच, वर चढवली नव्हती. घोडी हललेली नाही, दांडी सरळ आहे, भोपळा शाबूत आहे. तंबोरा मात्र उन्हाळाभर टिनाच्या खोलीत होता, आणि यवतमाळकडचा मे तुम्हाला माहीतच आहे.

उरलेल्या तिन्ही तारा थोड्या उतरवून ठेवल्या आहेत. चिरेवर पेन्सिलीने खुणा केल्या, दोन दिवसांत वाढलेली नाही. गावातले सुतारदादा फेविकॉल भरून देतो म्हणतात, मी थांबवलंय. मिरजेला नेणं आत्ता जमणार नाही. सप्ताह आठ दिवसांवर आहे.

ज्यांनी तंबोरा दुरुस्त केला किंवा करताना पाहिला आहे त्यांनी सांगावं: एका तारेच्या झटक्याने तबली चिरते का, की ही उन्हाने वाळल्याची चीर आहे? आणि नवी तार चढवून आठ दिवस खालच्या पट्टीत वाजवला तर चीर घोडीखाली सरकेल का?