कोड बदलला तरी जुनाच प्रोग्राम चालतोय, बिल्ड साफ कसं करायचं?

विश्रामबागी (सांगली):
सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट आहे, सीमेकवर (बिल्डची मांडणी करून देणारं टूल). मगापासनं एका फंक्शनमधे बदल करायलोय पण मेक (बदललेल्या फाईलीच परत कंपाईल करणारी कमांड) मारलं की काही कंपाईल न करताच मोकळं होतंय आणि रन केलं की जुनाच मेसेज, मधनंच क्लॉक स्क्यू (फाईलीची वेळ घड्याळाच्या पुढं) अशी वॉर्निंग पण येते. दुपारी लाईट नव्हती, वायफाय बंद, तेव्हा मात्र सगळं व्यवस्थित बिल्ड झालेलं. एकजण म्हणतोय गिट क्लीन (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटची साफसफाईची कमांड) मार, त्याने नेमकं काय काय उडतं?

कराडचा_कोडर:
बिल्ड फोल्डर सोर्सपासून वेगळा असेल तर सरळ डिलीट कर की भावा, परत सीमेक चालव. मेक क्लीनने ऑब्जेक्ट फाईली (कंपाईल होऊन बनलेले तुकडे) जातात पण सीमेकची कॅश (साठवलेली सेटिंग) तशीच राहते. सीमेक 3.24 पासून ती नव्यानं बनवायला फ्रेश म्हणून ऑप्शन पण आलाय. गिट क्लीनला एफडीएक्स (-fdx) ऑप्शन लावलास तर गिटमधे नसलेलं सगळं जातं, पासवर्डची ईएनव्ही फाईल, ॲड न केलेला नवा कोड, आणि ते गिटकडनं परत मिळत नाही. आधी एफच्या जागी एन लावून लिस्ट बघ.

माहुलीकर:
डिलीट करून आजचं भागेल, पण लॅपटॉपवर विंडोज पण आहे ना? विंडोज लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात आपली भारतातली वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) समजून साडेपाच तास पुढं जातं. नेट आलं की वेळ सुधारते, पण दुपारच्या ऑब्जेक्ट फाईलींवर पुढचीच वेळ राहते. मेक बघतं फक्त नवं कोण ते, त्यामुळे तुझा सोर्स त्याला जुना वाटतोय. टच (फाईलीची वेळ बदलणारी कमांड) मारून पण उपयोग नाही, टच आत्ताचीच वेळ टाकणार. (जुन्या ऑब्जेक्ट फाईलीपायी एकाची सकाळ वाया गेली म्हणूनच तर 1976 ला बेल लॅब्समधे फेल्डमननी मेक लिहिलं, आणि तू त्यालाच गंडवलंस.)

विश्रामबागी:
व्हय, ड्युअल बूट आहे. एलएस (फाईलींची यादी आणि वेळ दाखवणारी कमांड) मारून बघितलं, आत्ता पाच वाजलेत आणि ऑब्जेक्टवर 19:40. फोल्डर उडवला, चाललं. आता घड्याळ कुठल्या बाजूनं सुधारू?

माहुलीकर:
विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगचा साठा) रिअलटाईमइजयुनिव्हर्सल 1 कर, म्हणजे ते पण घड्याळ यूटीसी मानेल. लिनक्सला पण लोकल टाईम मान म्हणून सांगता येतं, टाईमडेटसीटीएल या वेळेच्या कमांडमधनं, पण ते स्वतःच कुरकुर करतं. फक्त दोन्हीकडे एकदम करू नको, परत उलटं साडेपाच तास मागं जाशील.