मदत हवी आहे: धोरण कागदावरून प्रत्यक्षात उतरलं का, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही अपंग व्यक्ती आणि पालक मिळून एक तक्ता बनवतोय. राष्ट्रीय धोरण अपंगांच्या हक्कांबाबत दिलेल्या शब्दाला कितपत जागतं, हे त्यातून तपासायचंय. आधार संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २००६ च्या कराराचा. त्याच्या कलम ३३ नुसार देखरेखीसाठी स्वतंत्र यंत्रणा हवी आणि त्या कामात अपंग व्यक्तींचा पूर्ण सहभाग हवा.

कायदा आहे का, निधी ठेवला का, हे कागदपत्रांतून कळतं. घोडं अडतं पुढे. रॅम्प बांधला अशी नोंद सापडते, पण व्हीलचेअरवरची व्यक्ती तो एकटीने चढू शकते का, याची नाही. मला तर हाच खरा प्रश्न वाटतो.

लोकांना थेट विचारायला वॉशिंग्टन ग्रुपचे (अपंगत्व मोजण्याच्या पद्धती ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) ६ प्रश्न (पाहणं, ऐकणं, चालणं वगैरेत किती अडचण येते) घेतलेत. मात्र मनोसामाजिक अपंगत्व, म्हणजे मानसिक आजार आणि समाजातले अडथळे यांतून येणारं, त्यांतून बरंच निसटतं. त्यासाठी कोणते प्रश्न जोडावेत? बौद्धिक अपंगत्व असलेल्यांशी, पालकांना मध्ये न घालता, कुणी मुलाखती केल्यात का? आम्ही पालकच उत्तरं देऊन मोकळे होतो, ते टाळायचंय. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.